बॉबीचे पार्ट कुठं भेटतील?

यावेळी जवळपास सगळे प्रश्न जुन्या गाड्यांचेच आले, पेरणी आटोपली की लोकांना कोठ्यातली गाडी आठवते असं दिसते. पहिला प्रश्न मुद्दाम लांब घेतला, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकानं आणखी चार जणांनी विचारला आहे. बाकीच्यांनी राग मानू नये, तुमचं थोडक्यात आटोपतो.

प्रश्न : मेस्त्रीभाऊ नमस्कार. आमच्या आबाजीची राजदूतची छोटी गाडी आहे, बॉबी म्हणतात ती. वावरातल्या कोठ्यात कुटाराच्या बाजूला वीस-बावीस वर्षं उभी होती, यंदा कुटार हलवलं तवा बाहेर काढली. इंजिन जाम आहे, किक दबतच नाही. टाकीले खालून दोन भोकं पडले, सीटचा फोम उंदरानं खाल्ला, हेडलाइटचा डूम गायब, मागचा मडगार्ड अर्धा सडला. मले ती जशी होती तशीच करायची आहे, ओरिजनल पार्ट टाकून. यवतमाळचे दोन मेस्त्री पाहून गेले, एक म्हणते दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो, दुसरा म्हणते भंगारात देऊन टाका. ओरिजनल पार्ट कुठं भेटतील?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, पहिलं काम म्हणजे त्या दोन्ही मेस्त्र्यांना परत बोलावू नका. दुसरं काम, गाडी जशी निघाली तशीच आधी मोबाइलवर शंभर फोटो काढून ठेवा, धुवायच्या आधी. कोणती वायर कुठून गेली, कोणत्या नटाखाली वायसर होता, केबल फ्रेमच्या आतून होती का बाहेरून, हे तीन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही आणि तवा भांडणं होतात.

आता गाडीबद्दल. तुमची गाडी म्हणजे राजदूत जीटीएस १७५, एस्कॉर्ट्स कंपनीची. १९७३ ला राज कपूरचा बॉबी पिक्चर आला, त्यात ऋषी कपूर डिंपलला मागं बसवून हीच गाडी पळवतो, तवापासून लोकांनी तिचं नावच बॉबी करून टाकलं, आरसी बुकात काही का लिहिलं असेना. चाकं छोटी, टाकी छोटी, पोरासोरांची गाडी वाटते, पण इंजिन पोरासोरांचं नाही. ते मोठ्या राजदूतचंच १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, तीन गियरचं. आणि मोठी राजदूत म्हणजे कोणती, तर दोन्ही बाजूला दुधाच्या कॅना लटकवून दूधवाला ज्या गाडीवर पहाटे गावात यायचा ती. तिचं मूळ पोलंडमधलं, तिथली एसएचएल एम ११ नावाची गाडी घेऊन एस्कॉर्ट्सनं इथं राजदूत बनवली.

हे एवढं काहून सांगून रायलो, तर इथंच तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. लोक दुकानात जातात आणि "बॉबीचे पार्ट आहेत का" म्हणून विचारतात. दुकानदार मान हलवतो. "राजदूतचा पिस्टन आहे का" म्हणून विचारलं असतं तर तोच माणूस आतून डबा घेऊन आला असता.

म्हणून गाडी खोलताना अंगणात तीन बारदाने अंथरा. पहिल्यावर मोठ्या राजदूतशी जुळणारा माल ठेवा. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्लचच्या प्लेटा, गियर, किकचा शाफ्ट, पॉइंट-कंडेन्सर हे सगळं तिकडे. राजदूत एवढ्या विकल्या गेल्या आहेत आणि एवढी वर्षं रस्त्यावर होत्या की हा माल अजून फिरतो, थोडा ओरिजनल, बराच लोकल. घेताना मात्र जुना तुकडा सोबत नेऊन काउंटरवर शेजारी ठेवून पाहायचा, कारण वर्षावर्षाला कंपनीनं बारीक बदल केलेले असतात आणि दुकानदाराला तेवढं ठाऊक असतेच असं नाही.

दुसऱ्या बारदान्यावर ज्याच्यावर नंबर छापलेला आहे तो माल. बेअरिंग, ऑइल सील, चैन. हा माल कोणत्या गाडीचा म्हणून विकला जातच नाही, मापानं विकला जाते, आणि इथंच लोक फुकट पैसे घालवतात. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन कडेला पाहा, समजा ६२०४ लिहिलेलं निघालं, तर ते आतून २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४, जगात कुठंही घ्या तेच. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की आतलं माप भेटते, ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. ऑइल सीलवर तर सरळ तीन मापं लिहिलेली असतात, आतलं, बाहेरचं, जाडी. मोटरपंपाचे बेअरिंग जिथून आणता त्याच दुकानात जा. तिथं गाडीचं नावही काढू नका, नाव काढलं की "अरे बापरे, हे कुठं भेटते आता" सुरू होते आणि भाव चढते. चाकं छोटी म्हणून घाबरता तर टायरचंही असंच आहे. आकडा वाचायचा. बजाज चेतकच्या टायरवर ३.५०-१० लिहिलेलं असते, त्यातला १० म्हणजे रिमचा इंचातला व्यास. तुमच्या जुन्या टायरवर जे लिहिलं आहे ते वहीत उतरवा आणि मग टायरवाल्याकडे जा.

एक गोष्ट या ढिगाबद्दल अजून सांगतो, कारण ओरिजनलच्या नादात लोक इथं फसतात. रबराचा माल, म्हणजे सील, पाइप, बुश, हे ओरिजनल ओल्ड स्टॉक भेटलं तरी घेऊ नका. तीस वर्षं खोक्यात पडलेलं सील तीस वर्षं गाडीत असलेल्या सीलएवढंच कडक झालेलं असते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गळलं की एका बाजूनं बाहेरची हवा आत ओढते आणि दुसऱ्या बाजूनं गियरचं ऑइल जळून पांढरा धूर निघते, आणि मालक बिचारा कार्बोरेटर खोलत बसते. कंडेन्सरचंही तेच. तिथं नवाच माल टाका.

तिसरा बारदाना मात्र खरा. ह्याच्यावर फक्त बॉबीचा माल येईल. टाकी, सीटचा पत्रा, मडगार्ड, हँडल, डूम, टाकीवरचा बिल्ला. हे मोठ्या राजदूतचं लागत नाही, कोणाचंच लागत नाही. तुमची सगळी दौड, सगळा पैसा ह्या एका ढिगासाठी राखून ठेवा आणि ह्या ढिगातलं एक वायसरही फेकू नका, सडलेला मडगार्डसुद्धा नाही. त्याचा अर्धा भाग चांगला आहे ना, मग त्या अर्ध्याची गोलाई आणि कडेची घडी पाहूनच पत्र्यावाला उरलेला अर्धा बनवणार आहे. मी स्वतः शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा ओरिजनल कार्बोरेटर काढून स्कूटरचा बसवला होता, गाडी मस्त चालली, मी खूश, आणि जुना कार्बोरेटर किलोच्या भावानं कबाड्याला दिला. चहाचे पैसे निघाले तेवढेच. चार वर्षांनी तेच गिऱ्हाइक आलं, गाडी पुन्हा ओरिजनल करायची म्हणे, आणि मग तो कार्बोरेटर शोधता शोधता माझे दोन उन्हाळे गेले. भेटला तो परतवाड्याच्या बाजूच्या एका गावात, फवारणीच्या पंपाचे नट ठेवायच्या डब्यात.

तर आता कुठं शोधायचं. सगळे आधी मोठ्या शहरात पळतात. दिल्लीला करोल बागेत मोटरसायकलच्या मालाचा बाजार आहे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरते, मुंबईत चोरबाजार आहे, तिकडे जायला माझी ना नाही. पण तिथल्या माणसाला आपण काय शोधून रायलो ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असते, आणि भाव तो आपल्या चेहऱ्याकडे पाहून सांगते. मी म्हणतो आधी आपला तालुका पालथा घाला. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी ऑटो पार्टचं दुकान असं आहे जे दहा-पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलं, म्हातारा मालक घरी बसून आहे आणि माल अजून माळ्यावर आहे, कारण पोरानं मोबाइलचं दुकान टाकलं आणि तो माल विकायला कोणाला वेळ नाही.

अशा एका घरी मी गेलो होतो. गाव सांगत नाही, उद्या सगळे तिथं जाल. काकांनी आधी अर्धा तास कापसाच्या भावावर आणि गुडघ्यावर बोलून घेतलं. मग म्हणाले राजदूतचं का, आणि सागाच्या लाकडाचा एक मोठा खण ओढला, तो अडकला तर खालून लाथ मारून ओढला. आत प्रत्येक वस्तू ग्रीस लावून जुन्या पेपरात गुंडाळलेली, वर सुतळी, आणि सुतळीत पुठ्ठ्याचा तुकडा, त्याच्यावर निळ्या शाईनं किंमत. गियरची दांडी साडेअकरा रुपये. मी म्हटलं काका आता काय घेता, तर ते पुठ्ठा डोळ्याजवळ नेऊन म्हणतात लिहिलं आहे ना. मी पाचशे ठेवले आणि पळालो, अजून वाईट वाटते की फूटरेस्टचे रबर सोडून आलो. ओरिजनल असल्यानं घ्यावेसे वाटले होते, पण वर सांगितलं ना, रबर.

अशा ठिकाणी जाताना फोनवर विचारून जाऊ नका, फोनवर "नाही" म्हणणं सोपं असते. जुना पार्ट हातात घेऊन जा. हातात वस्तू असली की म्हाताऱ्या दुकानदाराचा हात आपोआप त्या खणाकडे जाते. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी घरी पाहुणे असतात. आणि जुने दूधवाले शोधा. त्यांच्याकडे राजदूत नसली तरी राजदूतचे दोन जादा क्लच प्लेट आणि एक मॅग्नेट काढायचा पुलर घरात पडलेला असतोच, आणि तो पुलर तुम्हाला लागणार आहे, हातोडीनं मॅग्नेट काढायचा प्रयत्न केला तर क्रँकचं तोंड जाते.

अजून एक रस्ता म्हणजे दुसरी मेलेली बॉबी पूर्ण विकत घेणे. एक एक पार्ट घेण्यापेक्षा हे बरेचदा स्वस्त पडते. पण कागदाशिवाय घेऊ नका, पार्टासाठी घेत असलात तरी. मेरठचं सोतीगंज नावाचं सुट्या मालाचं मोठं मार्केट चोरीच्या गाड्यांच्या भानगडीत २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडलं, तवा चेसिस नंबर घासलेली फ्रेम कितीही स्वस्त भेटली तरी तिला हात लावायचा नाही.

आता तुमच्या जाम इंजिनाचं. किकवर उभं राहू नका, घरातल्या कोणाला राहू देऊ नका, किकचे दाते तुटले की तो खर्च वेगळा. प्लग काढा, त्यातून अर्धं डिझेल आणि अर्धं इंजिन ऑइल असं दोन-तीन झाकणं पिस्टनवर सोडा, रोज थोडं थोडं, आठ दिवस. मग गाडी टॉप गियरमध्ये टाकून मागचं चाक हातानं मागं-पुढं हलवा, हळूहळू, जोर नाही. बहुतेक वेळा नवव्या-दहाव्या दिवशी एक बारीक "कट" असा आवाज येते आणि चाक दोन बोटं जास्त फिरते, त्या दिवशी घरात पेढे वाटायला हरकत नाही. तरी इंजिन खोलावं लागेलच. लेथवाल्याकडे ब्लॉक देताना एक नियम पाळा, आधी पिस्टन हातात आणि मग बोअर, म्हणजे ब्लॉक आतून कापून मोठा करणं. पिस्टन ओव्हरसाइजमध्ये येतात, पाव मिमी, अर्धा, पाऊण आणि एक मिमी. लोक आधी अर्ध्याला बोअर करून आणतात आणि मग कळते की बाजारात फक्त पाऊणचा पिस्टन भेटून रायला.

टाकीचं मात्र लक्ष देऊन वाचा. टाकी वीस वर्षं कोरडी होती म्हणून त्यात पेट्रोल नाही असं समजू नका. पेट्रोल नसते पण वास असतो, आणि भडका वासाचाच उडते. आमच्याकडे एका वेल्डिंगच्या दुकानात अशी कोरडी टाकी गॅसवर घेतली होती, भक्क करून आवाज झाला आणि टाकीचं पोट फुगून ती फुटबॉलसारखी झाली. माणूस वाचला, मिशी गेली. म्हणून टाकी सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुवा, आणि ब्रेझिंग करताना, म्हणजे पितळेनं भोक सांधताना, आत पाणी भरून ठेवा, भोकाच्या जागेपुरती मोकळी ठेवून. त्याच्या आधी गंज काढायला किराणा दुकानातलं निंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, आणा, एक लिटर कोमट पाण्याला शंभर ग्रॅम, टाकी भरून रात्रभर ठेवा, आत मूठभर नट टाकून हलवा, सकाळी काळं पाणी निघेल. लगेच सोड्याच्या पाण्यानं धुवा नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा लाल. मग उन्हात. आपल्या मे महिन्यातल्या उन्हासारखा ड्रायर कोणत्या कंपनीकडे नाही. वाळली की आत टू-टी ऑइल घालून फिरवून ठेवा. नंतर गाडी चालू झाली तरी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करत जा, आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येते, ते पाणी ओढते, आणि जुन्या रबरी पाइपाला फुगवते.

पेंटरला एकच गोष्ट सांगा, लांबी म्हणजे पुट्टी भरून टाकी गुळगुळीत करायची नाही, आधी डेंट ठोकून काढायचा. आणि रंग ठरवायच्या आधी घरातले लग्नाचे अल्बम पाहा. आबाजीच्या काळात नवी गाडी म्हणजे फोटोत नवरदेवाच्या बाजूला तीच उभी असायची. बिल्ला कुठं होता, पट्टा किती रुंद होता, डूमचा आकार, सगळं तिथं भेटते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या नावावर १९७४ ची मोटरसायकल आहे. वडील वारून अकरा वर्षं झाली. आरसी बुक सापडत नाही, नंबर एमएच यायच्या आधीचा, तीन अक्षरी आहे. गाडी मी चालू केली पण रस्त्यावर कशी आणू? कोणी म्हणते विंटेज नंबर घ्या.
— एक वाचक, कारंजा (लाड)

उत्तर : आधी तो विंटेज नंबरचा विषय संपवतो. २०२१ मध्ये केंद्रानं नियम आणला, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. तुमची गाडी वयानं बसते. पण त्या नंबरवर गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेण्यापुरतीच. तुम्हाला वावरात जायचं असेल तर वीस हजार भरून गाडी घरात उभी ठेवण्यात काय मजा.

म्हणून साधा रस्ता. तुमचं कारंजा आता वाशिम जिल्ह्यात आहे, पण वाशिम जिल्हा झाला १९९८ ला, त्याच्या आधी तुम्ही अकोल्यात होता. जुन्या रजिस्टरची चौकशी अकोल्याच्या आरटीओपासून सुरू करा, वाशिमच्या खिडकीवर दिवस घालवू नका. आरसी हरवल्याची पोलिसात नोंद करा, डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, तो खरं म्हणजे मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, तुमची अकरा वर्षं झाली तर दंड गृहीत धरा. मृत्यूचा दाखला आणि भाऊ-बहिणींची संमती लागेल, दिवाळीला सगळे एकत्र येतील तवाच सह्या घेऊन टाका. मग पुन्हा नोंदणीसाठी फॉर्म २५, त्यात गाडी दाखवावी लागते. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलची छाप आधी घरीच काढून पाहा. नवा रंग मारताना पेंटरनं नंबरावर लांबी भरून ठेवल्याचे दोन प्रकार मी पाहिले आहेत, साहेब तिथं वाद घालत नाही, सरळ परत पाठवते. दंडाचे पैसे आणि उन्हातल्या दोन चकरा धरूनच निघा. शेवटी एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट.

प्रश्न : मी शिक्षिका होते, १९८७ पासून सतरा वर्षं लूनावर शाळेत गेले. ती लूना अजून घरात आहे. आता नवी लूना बाजारात आली असं ऐकलं, म्हणजे जुन्या लूनाचे पार्ट पुन्हा भेटतील का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : नाही ताई. २०२४ ला आली ती ई-लूना, बॅटरीवरची. नाव तेच, पण तुमच्या लूनाला तिचा एक नटही लागणार नाही. तुमची लूना कायनेटिकनं १९७२ ला आणली होती, इटलीच्या पियाजिओच्या चाओ नावाच्या मोपेडवरून, ५० सीसी. आनंदाची गोष्ट अशी की राजदूतपेक्षा लूनाचा माल शोधणं सोपं आहे, आपल्या महाराष्ट्राचीच गाडी, नगरला बनायची, आणि गावोगाव होती. सायकलच्या जुन्या दुकानात विचारा, मोपेडच्या दुकानात नाही. पेडल, पेडलची चैन, ब्रेकची वायर, तारा हे सगळं सायकलवालाच जुळवून देते. तुमची कोणती आहे, साधी, सुपर, टीएफआर, डबल प्लस, ते आधी पाहा, सगळ्यांचा माल एक नाही. आणि सतरा वर्षं चालवली तर पेट्रोलमध्ये ऑइल घालायची सवय असेलच, पण आता भाचा-पुतण्या चालवणार असेल तर टाकीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा. नव्या पोरांना माहीतच नसते, ते नुसतं पेट्रोल भरतात आणि वेशीपर्यंत जाऊन इंजिन जाम करून येतात.

प्रश्न : राजदूतचा लाइट कंदिलासारखा लागते. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करून घेऊ का?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : करू नका. आधी अर्थ, म्हणजे अर्थिंग, पाहा. डूम जिथं फ्रेमला बसते तिथला रंग पॉलिश पेपरनं खरवडून लोखंड चमकवा, तिथून इंजिनापर्यंत एक जाड वायर सरळ टाका. सहा व्होल्टला गंजाचा एक थर पुरे होते लाइट खायला. नवा रंग मारलेल्या गाडीत तर हा त्रास हमखास येते, कारण पेंटरनं अर्थच्या जागेवरही छान रंग मारलेला असते. एवढं करून पन्नास रुपयांत लाइट सुधारला नाही तर मग कॉइलकडे वळा. पॉइंटचा गॅपही पाहून घ्या, ०.४ मिमीच्या आसपास असावा.

प्रश्न : मी बॉबीची टाकी "शंभर टक्के ओरिजनल" म्हणून मोबाइलवरून मागवली, बाहेरच्या राज्यातून. आधी सगळे पैसे पाठवले. आलेली टाकी वजनाला हलकी आहे आणि फ्रेमवर बसत नाही, बोटभर मागं राहते. आता तो फोन उचलत नाही. ओरिजनल कशी ओळखायची?
— एक वाचक, वरूड तालुका

उत्तर : भाऊ, माझ्यासोबतही हेच झालं आहे, मला तर टाकी म्हणून जे आलं त्याला आतून वर्तमानपत्राची लगदी निघाली, फायबरच्या खाली. म्हणून हसत नाही.

घ्यायच्या आधी व्हिडिओ मागायचा, फोटो नाही. व्हिडिओत त्यानं लोहचुंबक टाकीवरून फिरवून दाखवायचं, जिथं चुंबक सुटते तिथं लांबी भरलेली आहे. टाकी उलटी करून खालचा शिवणीचा भाग दाखवायला सांगायचं. कंपनीची शिवण एकसारखी असते, लोकलवाला कापून जोडते तिथं वेल्डिंगचे गाठे दिसतात आणि तो ते रंगाखाली लपवते, म्हणून नवा रंग मारलेली टाकी कधी घ्यायचीच नाही, गंजलेली घ्या, गंज खोटं बोलत नाही. मापं मागवा, बसायच्या दोन जागांमधलं अंतर पट्टी ठेवून. आणि वजन काट्यावर ठेवून. तुमच्या फुटक्या टाकीचं वजन तुमच्याकडे आहेच, ते आणि हे जुळवून पाहायला दोन मिनिटं लागतात. हे सगळं सांगितल्यावर जो चिडते त्याच्याकडे ओरिजनल नसते.

पैसे गेले असतील तर ऑनलाइन व्यवहाराची तक्रार सायबर पोलिसांच्या १९३० नंबरवर करा, उशीर झाला तरी करा. आणि बोटभर मागं राहते म्हणून टाकी जिथं अडकते त्या फ्रेमच्या कानाला हात लावू नका, एक मेस्त्री तुम्हाला नक्की म्हणेल की कान कापून पुढं सरकवतो. तुमची जुनी फुटकी टाकी दुरुस्त होते, वर सांगितलं तसं. आलेली टाकी पोराला गणपतीच्या देखाव्यात कामी येईल. झाकण मात्र काढून ठेवा, तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाहिलं, झाकण ओरिजनल आहे.